फटाके, सुभेदार आणि मी शहाणी

माझी नातवंडं विचारतात, "आजी, तू लहानपणी हुशार होतीस का गं?" लहानपणी होते. बिघाड झाला तो चाळिशीला, नवरा फौजेतून कायमचा घरी आला तेव्हा. त्या दिवसांत म्हसावदपासून शहाद्यापर्यंत माझ्याइतकी शहाणी बाई शोधून सापडली नसती, असं माझं ठाम मत होतं. इतरांचं मत काय होतं ते मी विचारायला गेले नाही.

आमचे हे सुभेदार होऊन आले. गाव त्यांना सुभेदारच म्हणू लागलं आणि मीही तेच धरलं, कारण नवऱ्याचं नाव आम्ही घेत नाही आणि नुसतं 'अहो' म्हटलं की गल्लीतले चार नवरे वळून बघतात. वीस वर्षांत मी या माणसाला तुकड्या-तुकड्यांनी पाहिलं होतं, वर्षाला दोन महिने. तेवढे दिवस ते पाहुणे आणि मी पाहुणचार करणारी. ते पहाटे काय करतात, कशाने दचकतात, त्यांचं मन कशावर तग धरून असतं, यातलं मला काहीएक माहीत नव्हतं. मुलं दोन झाली होती, एवढीच काय ती ओळख.

पहिल्याच सकाळी उठले तर अंगण झाडलेलं. पुढची गल्लीही झाडलेली. तिथून वळून थेट मारुतीच्या पारापर्यंत खराट्याच्या एकसारख्या रेघा, जणू कुणी जमीन विंचरली आहे. घरात गोधड्यांच्या घड्या विटांसारख्या. उंबऱ्याशी सगळ्यांच्या चपला एका ओळीत, पॉलिश करून. सासूबाईंच्या प्लॅस्टिकच्या चपलांनाही काळं पॉलिश लावलेलं. म्हातारीचे तळवे पुढे आठवडाभर काळे होते, पण ती कौतुकाने सगळ्यांना पाय वर करून दाखवायची. "मन्हा आंडोरनी करं!" म्हणजे माझ्या लेकानं केलं.

मला मात्र घाम फुटला. बायको अंथरुणात आणि सुभेदार रस्ता झाडतोय, हे गावाने पाहिलं तर माझी काय शोभा? मी खराटा उचलला आणि कपाशीच्या काड्यांच्या ढिगामागे लपवला. पॉलिशची डबी डाळीच्या डब्यात. मग पदर खोचून म्हटलं, "आते तुम्ही आराम करा. खाटवर बठा. पेपर वाचा. लई करं तुम्ही देशना करता."

ते बसले. हुकूम पाळायची सवय होती ना! तीन दिवस खाटेवर बसून होते. पेपर वाचून झाला की त्याची घडी घालायचे, मग उलगडून पुन्हा घडी घालायचे. चौथ्या दिवशी मी कुकर लावला, शिट्टी झाली आणि खाट रिकामी. सुभेदार खाटेखाली! मी वाकून बघितलं. त्यांनी आतूनच माझ्याकडे बघितलं.

"काय व्हयनं?"

"चष्मा पडना मन्हा."

चष्मा त्यांना तेव्हा नव्हताच.

दुसरी एखादी बाई म्हणाली असती, माणूस इतकी वर्षं सीमेवर होता, कानात काहीतरी राहिलं असेल. मी निदान केलं, नजर लागली आहे. एवढा देखणा माणूस खाटेवर बसवून ठेवला, येणारा-जाणारा बघणारच. नजर काढायची तर मिरच्या लागतात आणि आमच्या जिल्ह्यात त्यांची काय वाण! खळ्यावर आमच्याच शेतातली लाल मिरची वाळत पडली होती. सात मिरच्या घेतल्या, मीठ-मोहरी घेतली, ओवाळून शेगडीतल्या निखाऱ्यावर टाकली. ठसका आला नाही. ठसका आला नाही म्हणजे नजर जबर, असं आमच्यात मानतात. मग आणखी सात टाकल्या. मग मूठभर. शेवटी मी शहाणीने अख्खं सूप पालथं केलं.

त्या सात मिरच्या ओलसर होत्या, एवढंच ते होतं. सुपातल्या कोरड्या होत्या.

धूर उठला तो खिडकीतून गल्लीत उतरला. मला दिसेनासं झालं, पण ऐकू येत होतं. बाहेरून असा आवाज आला की आमची म्हैस खाली बसली. "गॅस! गॅस! सब बाहर!" खाटेवर मरगळलेले माझे सुभेदार गल्लीच्या मधोमध उभे. त्यांनी मूठभर माती वरून सोडून वारा कुठला ते पाहिलं म्हणे, बादलीत टॉवेल बुडवून वाटले, म्हातारी माणसं आधी काढली. सासूबाईंना खांद्यावर टाकलं. तिसऱ्या मिनिटाला सगळी गल्ली, शेळ्या-करडांसकट, शाळेच्या मैदानावर नाकाला ओलं फडकं लावून रांगेत बसली होती आणि सुभेदारांनी माणसं दोनदा मोजली. एक कमी भरलं. ती मी. मग हा माणूस जमिनीला पोट लावून सरपटत आपल्याच स्वयंपाकघरात शिरला आणि मला दंडाला धरून बाहेर ओढलं. माझ्या हातात सूप तसंच.

"हाई काय शे?" त्यांनी सुपाकडे बघत विचारलं.

"नजर काढी तुमनी," मी ठसकत म्हटलं.

अख्खी गल्ली माझ्याकडे बघत होती. सासूबाई तेवढ्या बोलल्या, "नजरनं माहीत नही, पन मन्हं पडसं गयं बाई."

त्या दिवशी सुभेदार जेवले पोटभर, हसले, आणि दुपारी गाढ झोपले. दुसऱ्या कुणाला यातून लगेच उमजलं असतं. मला तीन महिने लागले. मग एके दिवशी मी गुपचूप खराटा काढून दाराशी ठेवला. त्यांनी तो उचलला, दांडी झटकली आणि रस्त्याला लागले. आता गावात कुणी विचारलं की मी सांगते, आमच्याकडे झाडणं हे औषध आहे, तुम्हाला हवं तर उद्या तुमच्या दारापर्यंत पाठवते.

पण अजून एक कोडं होतं. रोज सकाळी सहाला सुभेदार मोबाइल घेऊन गच्चीवर जायचे आणि अर्ध्या मिनिटात खाली यायचे. अर्ध्या मिनिटात काय बोलतो माणूस? मी विचार केला, जे बायकोसमोर बोलता येत नाही ते. झालं. एका सकाळी मी पाण्याच्या टाकीमागे जाऊन बसले. टाकी गळकी, गुडघ्यापर्यंत लुगडं भिजलेलं, आणि डोक्यात त्या फोनवरच्या बाईचं नाक-डोळे-बांधा सगळं तयार.

फोन वाजला. सुभेदार ताठ उभे राहिले.

"हाजिर," पलीकडून पुरुषाचा आवाज. "नींद पाच घंटे. ठीक."

"हाजिर. नींद चार घंटे. ठीक," सुभेदार म्हणाले आणि फोन ठेवला. मग टाकीकडे न बघताच म्हणाले, "निंघा आते बाहेर. थंडी वाजी."

पलीकडचा आवाज त्यांच्या पलटणीतल्या हवालदाराचा होता. अक्कलकुव्याच्या वर, काठी नावाच्या गावाच्या बाजूच्या डोंगरात त्याचं गाव. तिथे फोनला रेंज एकाच खडकावर मिळते, तेवढ्यासाठी तो रोज खडक चढायचा. अशी त्यांची सात-आठ जणांची साखळी होती. एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला, रोज हजेरी. झोप किती आणि ठीक की नाही, बस. कुणी 'ठीक नाही' म्हणालं, किंवा फोन उचललाच नाही, तर जवळचा असेल त्याने पहिल्या बसने त्याच्या घरी जायचं. जाऊन काही शिकवायचं नाही. पत्ते खेळायचे, शेतात हात लावायचा, जेवायचं.

"आणि डॉक्टर?" मी विचारलं.

"डॉक्टर बी शे." वर्षातून दोनदा ते फौजेच्या दवाखान्यात जायचे, ते मला तब्येतीच्या कागदांसाठी वाटायचं. मनाच्या डॉक्टरने गोळी दिली होती. शिवाय सांगितलं होतं, गोळी चुकवायची नाही आणि हजेरीही चुकवायची नाही. नेमकं काय झालं होतं तिकडे, ते मला त्यांनी एकदाच आणि एकाच वाक्यात सांगितलं. एका दुपारी बार झाला तेव्हा ते चहा आणायला वळले होते, आणि वळले नव्हते ते तिथेच राहिले. मी पुढे विचारलं नाही. माझ्या शहाणपणाच्या काळातली ती एवढीच शहाणी गोष्ट.

गावाला मात्र मी सांगायची, बी.पी.ची गोळी आहे. मनाची गोळी म्हटलं की लोक खालच्या आवाजात बोलू लागतात, ते मला नको होतं. ही खोटं बोलायची सवय पुढे मला चांगलीच भोवली.

घरात आम्ही नियम केला. आवाज होण्याआधी सांगायचं. मी स्वयंपाकघरातून ओरडायची, "सिटी येई ऱ्हायनी!" मग कुकरची शिट्टी. "मिक्सर!" मग मिक्सर. सासूबाई म्हणायच्या, "शिक येई ऱ्हायनी, शिक येई ऱ्हायनी," आणि सगळे थांबायचे, आणि शिंक यायचीच नाही. म्हातारी तासभर चिडलेली. पाहुण्यांना वाटायचं, हे घर आहे की रेल्वेस्टेशन. पण सुभेदार पाटावर बसून शांतपणे जेवायचे आणि खाटेखाली पुन्हा कधी गेले नाहीत.

घरातले आवाज असे काबूत आले. लग्नांचे काही काबूत येईनात. वरात, बँड, फटाक्यांच्या माळा. पहिली माळ फुटली की सुभेदार नाहीसे. पुतण्याच्या लग्नात तर व्याह्यांची गळाभेट चालू असताना गेले. संध्याकाळी पपईच्या शेतात सापडले, दोन झाडांच्या मध्ये बसून गवत उपटत होते. अख्खी ओळ स्वच्छ केली होती. परत येताना म्हणाले, "माले वाटस मी दोन मिंटं बठनू." चार तास झाले होते.

असं आठ वर्षं चाललं आणि मग आमच्या लेकीचं लग्न ठरलं.

लेक बापाच्या तोंडावळ्याची आणि माझ्या तोंडाची. तिने सरळ बापापुढे बसून सांगितलं. "बाबा, वरात उनी का तुम्ही गावना येसवर पाहिजेत. कन्यादानले पाहिजेत. तुम्ही नही दिसनात ते मी मांडवमा बठाव नही. मी बी जासू पपईना वावरमा."

"बेटा, जमी का नही, मी सांगू नही शकस," ते म्हणाले. खोटं बोलता येत नाही या माणसाला. ती कसर मी भरून काढते.

मी कशी भरून काढली ते ऐका. साखरपुड्याला शहाद्याहून पाहुणे आले. बाहेर कुणीतरी उत्साहाने एक माळ लावली. सुभेदारांचा हात उडाला, चहाचा कप व्याह्यांच्या धोतरावर.  व्याही म्हणजे ऊस-केळीवाले शेतकरी, मोठ्या मनाचे, त्यांनी काळजीने विचारलं, "काय व्हयनं साहेब?" आणि सुभेदारांनी तोंड उघडण्याआधी मी म्हणाले, "फौजनी सवय शे हो! बार आयका का हात सलामीले जास यासना. लई आवडस यासले तो आवाज!"

सुभेदारांनी माझ्याकडे असं बघितलं की मला माझं सूप आठवलं.

आठवड्याने व्याह्यांचा फोन. आवाजात नुसता आनंद. "विहीनबाई, सुभेदारसाहेबना दारमा साधी वरात चालाव नही. आम्ही ठरायं. एकवीस बार! मोठा बार, जमीन हालनार! सलामी देसूत साहेबले!"

मी म्हटलं, "वा वा." फोन ठेवला आणि भिंतीला टेकून खाली बसले. लेकीने विचारलं काय झालं. मी सांगितलं. ती आधी माझ्यावर ओरडली आणि मग तिला हसू आवरेना. हसता हसता रडायला लागली. "आई, तू ना... तू ना... बाबास्ले तोफना तोंडले बांधं तू!"

सुभेदारांनी सगळं ऐकलं. रागावले नाहीत. शर्टाला इस्त्री केली. मन बिघडलं की ते इस्त्री करतात, त्या दिवशी पाच शर्ट केले. मग मोटरसायकल काढली. "बठा मांगे."

शहाद्याच्या अलीकडे व्याह्यांच्या मळ्यात आम्ही पोचलो तेव्हा ते केळीला पाणी देत होते. बांधावरच बोलणं झालं. मी पदराचं टोक चावत बाजूला.

"व्याहीसाहेब," सुभेदार म्हणाले, "बार फुटना का मन्हा हातपाय कापतस. मी पयी जास. मंग माले लाज वाटस. डॉक्टरनी गोळी चालू शे. बायकोनी सांगं ते खोटं शे. तुम्हले आगोदर सांगेल बरं."

एवढं सरळ बोलणं मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. मला वाटलं, सोयरीक मोडली. व्याह्यांनी केळीचं पाणी बंद केलं, हात धुतले, पंच्याला पुसले.

"तापीना पूर मन्हा बापनी दखा, ऐन जवानीमा," ते म्हणाले. "घरमा पानी. तवपाईन त्यानी पूल कधीच वलांडा नही, मरेपर्यंत. आम्हना सगळास्ना सोयरा नदीना आल्याडनाच गावमा दखा त्यानी. तुम्हना गाव बी आल्याडच शे, म्हनीसन ते पोरगी भेटनी आम्हले!" आणि असे मोठ्याने हसले की केळीवरचे पक्षी उडाले. "एकवीस बार कॅन्सल. आते मन्हा धोतरवर पुन्हा चहा नका सांडा म्हनजे झायं."

येताना मोटरसायकलवर सुभेदार काही गुणगुणत होते. मी मागून म्हटलं, "माले काबर नही सांगं, आसं सांगता येस म्हनीसन?" ते म्हणाले, "तुम्ही बोलू देतस कोठे?"

बार गेले, पण बँड होता, नाचणारे होते, दोनशे पाहुण्यांचा कालवा होता. लग्नाला पाच दिवस उरले आणि सकाळी गच्चीवर मी ऐकलं, टाकीमागे न लपता, उघड उभी राहून. "हाजिर. नींद दो घंटे. ठीक नहीं."

दुपारच्या आत हवालदार आमच्या दारात. सोबत ढोल. ढोल म्हणजे काय, आमच्या पाण्याच्या टाकीएवढा. काठीच्या राजवाडी होळीत वाजतो तो. अक्कलकुव्याहून बसमध्ये त्याने तो पुढच्या सीटवर बसवून आणला आणि कंडक्टरने विचारलं, हे कोण? तर म्हणाला, आमचे वडील.

त्याची घरची बोली मला येत नाही, माझी अहिराणी त्याला येत नाही, म्हणून आम्ही शाळेतली मराठी बोलतो, दोघंही तोंडी परीक्षेला बसल्यासारखे.

"वहिनी, मीसुद्धा घाबरत होतो," तो म्हणाला. "होळीला आमच्याकडे इतके ढोल येतात की छातीत वाजतं. रिटायर झालो त्या वर्षी कानात कापूस घालून घरात बसलो. दुसऱ्या वर्षीपण. मग माझ्या म्हाताऱ्याने ढोल माझ्या गळ्यात घातला. ढोलाच्या समोर उभं राहिलं की भीती वाटते. मागे उभं राहिलं की नाही वाटत."

"आणि यांना येईल वाजवायला?"

"नाही," तो लगेच म्हणाला. "फार वाईट वाजवतील."

तसंच झालं. पाच दिवस दुपारी घरामागच्या केळीच्या बागेत शिकवणी. हवालदार होळीचा ठेका वाजवायचा, तो कसा, ऐकताना पाय जमिनीवर राहत नाहीत. सुभेदार वाजवायचे, तो डावा-उजवा, डावा-उजवा. दुसरं काही येईचना. हवालदार डोकं धरून बसायचा, "साब, ये शादी है, परेड नहीं!" शेवटच्या दोन दिवसांत तो मागून कागदाची पिशवी फुगवून फोडायचा. सुभेदारांचा हात थांबायचा. चेहरा पांढरा. श्वास आत, श्वास बाहेर. मग पुन्हा डावा-उजवा. थांबणं पहिल्या दिवशी मोठं होतं, दुसऱ्या दिवशी लहान. एवढीच प्रगती. आमच्या म्हशीने मात्र पाच दिवस दूध चोरलं.

लग्नाच्या दिवशी सुभेदारांनी पहाटे अख्खं गाव झाडलं. खरंच सांगते, मांडवापासून वेशीपर्यंत.

दुपारी वरात वेशीवर आली. नवरदेव घोडीवर, पुढे शहाद्याचा बँड. बँडवाले चाचा जुने, त्यांच्या वडिलांपासून बँड त्यांच्या घरात. हवालदाराने त्यांच्या कानात काही सांगितलं. चाचांनी गळ्यात ढोल अडकवलेल्या सुभेदारांकडे पाहिलं, क्लॅरनेट खाली केलं आणि म्हणाले, "साहब, आप शुरू करो. चालीस साल से नाच के गाने बजा रहा हूँ. मार्च किसी ने माँगा ही नहीं."

मी बायकांमध्ये ओवाळणीचं ताट घेऊन. निरांजन दोनदा विझलं, दोनदा लावलं. गच्चीवरून लेक बघत होती, अर्ध्या हातात बांगड्या. सुभेदारांनी ढोलाचं टिपरू उचललं. डावा. उजवा. डावा. उजवा. मागून चाचांचा बँड त्याच चालीत घुसला, आणि काय सांगू, नाचायला आलेली वरात दोन मिनिटं गोंधळली आणि मग चालायला लागली. पाय आपोआप पडतात हो त्या ठेक्यावर! व्याही ताठ झाले. विहीणबाई नऊवारीत छाती काढून. पोट सुटलेले काका, काठीवाले आजोबा, सगळे हात हलवत, डावा-उजवा. घोडीसुद्धा. नवरदेव तेवढा वर बसल्या बसल्या सलाम कुणाला करू ते शोधत होता.

अर्धी वाट झाली आणि नवरदेवाचा मामा आला. हा सुरतेहून परस्पर आलेला. बार रद्द झाल्याचं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. त्याने आल्या आल्या भाच्याच्या प्रेमाने सुरतेची दहा हात लांब माळ काढली आणि रस्त्याच्या कडेला पेटवली.

माळ फुटली.

टिपरू हवेतच थांबलं. बँड थांबला. माझ्या हातातलं ताट बहुतेक पडलं, मला आठवत नाही. मला फक्त त्यांची पाठ दिसत होती आणि त्या पाठीपलीकडे, डाव्या हाताला, पपईचं शेत. ते शेताकडे बघत होते. मी पाहिलं ते. हवालदार त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिला, खांद्याला खांदा लावून.

मग टिपरू खाली आलं. धाडकन. पण ठेका तो राहिला नव्हता. डावाउजवाडावाउजवा! मागून माळ तडतडतेय आणि पुढे सुभेदार तिच्यापेक्षा मोठ्याने, तिच्यापेक्षा जोरात, आणि पाय हातांच्या चालीने सुटलेले. हवालदार आनंदाने ओरडला, "दौड़ के चल!" आणि सगळी वरात धावायला लागली. काका, विहीणबाई, चाचांचा बँड, ट्रंपेटवाल्याचा एक सूर लागतोय एक चुकतोय. घोडी दुडक्या चालीवर, नवरदेव तिच्या मानेला मिठी मारून. मामा हातात काडेपेटी घेऊन मागून, "आरे काय व्हयनं, काय व्हयनं!" मी लुगडं गुडघ्यापर्यंत उचलून बायकांच्या पुढे. लाज? ती मी केव्हाच वाटेत टाकली होती.

वरात मांडवात पोचली ती मुहूर्ताच्या दीड तास आधी. खानदेशात असं कधी झालेलं नाही आणि होणार नाही. भटजी मोरीत आंघोळ करत होते. आचाऱ्याची वरण-बट्टी अजून कच्ची. करवल्यांच्या अर्ध्या वेण्या. व्याही खांबाला धरून धापा टाकत म्हणत होते, "पोरगं... मन्हं पोरगं... पोचनं का?"

कन्यादानाच्या वेळी सुभेदार माझ्या शेजारी पाटावर होते. मी झारीने पाण्याची धार धरली, ती त्यांच्या ओंजळीतून जावयाच्या हातात पडायची होती. पण ओंजळ थरथरत होती, ढोलाने म्हणा, माळेने म्हणा, आनंदाने म्हणा. मी आता निदान करणं सोडलं आहे. निम्मं पाणी भटजींच्या धोतरावर. भटजी मंत्रातच म्हणाले, "हात स्थिर ठेवा, यजमान." फोटोवाला पलीकडून ओरडला, "साहेब, हात हालू नका देऊ, फोटो पुसट येईल!"

लेकीने मान वर केली, मुंडावळ्या बाजूला सारल्या आणि त्याला असं झापलं की जावईबापूंना पुढच्या आयुष्याचा अंदाज आला.

"हालू द्या ना! पुसट ते पुसट. बाबा शेतस ना त्यामा? मंग काढा!"